तिसऱ्या पिनेचा इतिहास

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, कॉम्प्युटरचा सुटा भाग विकत घेतला की तो चंदेरी-करड्या, अर्धवट आरपार दिसणाऱ्या पिशवीत मिळतो. निदान मिळायला हवा. प्रत्यक्षात डहाणूला किंवा तलासरीला पोचेपर्यंत त्यातले बरेच भाग साध्या कॅरीबॅगेत, वर्तमानपत्राच्या घडीत, कधी शर्टाच्या खिशात आलेले असतात. ही चंदेरी पिशवी कशासाठी, हा प्रश्न मी गेली काही वर्षं आमच्या भागातल्या दुरुस्तीवाल्यांना विचारत आलो आहे. कुणी म्हणतं, पाणी लागू नये म्हणून. कुणी म्हणतं, धूळ. काहींना ते नुसतं कंपनीचं पॅकिंग वाटतं. स्टॅटिकसाठी, असं सांगणारे थोडे भेटतात, आणि त्यातले बहुतेक लगेच पुढे जोडतात की आपल्याकडची हवा दमट, इथे स्टॅटिक नसतं.

मी इंजिनियर नाही. जुनी यंत्रं, त्यांची माहितीपत्रकं आणि ती चालवणारी माणसं यांच्या नादानं जे कळलं तेवढंच माझं शिक्षण. पण या एका उत्तरानं मला बराच काळ कामाला लावलं. कारण शोध घेत गेलो तसं दिसलं की या अदृश्य ठिणगीशी आपली ओळख कॉम्प्युटरच्या फार आधीची आहे. तार, गिरणी, दारूगोळा, पेट्रोल अशा एकेका धंद्यानं तिच्यापासून बचाव शिकून घेतला. कॉम्प्युटर मात्र आमच्या तालुक्यांत आला तो या शिकवणीशिवाय. पिशवी आली, तिचा अर्थ मागे राहिला.

ओळख किती जुनी, ते आपल्या शब्दांतच दडलेलं आहे. पिवळसर राळेच्या ज्या खड्याला इंग्रजीत अंबर म्हणतात त्याचं संस्कृत नाव तृणमणी. फारसीत तो कहरुबा, म्हणजे गवताची काडी पळवणारा. घासलेला तृणमणी काडी ओढून घेतो हे जिथे जिथे तो खडा पोचला तिथे माणसांनी पाहिलं होतं. ग्रीकांनी त्याला इलेक्ट्रॉन म्हटलं आणि १६०० साली विल्यम गिल्बर्टनं आपल्या चुंबकावरच्या ग्रंथात त्याच नावावरून या ओढीला विशेषण दिलं. पुढे १७५७ मध्ये स्वीडनमधल्या योहान विल्केनं पदार्थांची एक उतरंड लावली: कोणता पदार्थ कशावर घासला तर कोणाकडे कोणता भार जातो. आजच्या उतरंडीत माणसाची कातडी, काच, नायलॉन, लोकर एका टोकाला; पॉलिस्टर, पॉलिथिन, पीव्हीसी दुसऱ्या टोकाला. थंडीच्या रात्री अंधारात स्वेटर काढताना चटचट होते आणि निळसर ठिणग्या दिसतात, ती याच उतरंडीची करामत.

या ठिणगीतला दाब ऐकला तर माणूस दचकेल. बोटाला चटका जाणवायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात. घरातल्या प्लगमध्ये असतात २३०. तरी तीन हजार व्होल्टनं माणूस मरत नाही, कारण त्यामागे साठा फार थोडा असतो. क्षणात रिकामा होतो. जीव जात नाही म्हणून भय नाही, आणि भय नाही म्हणून काळजी नाही. पण त्या ठिणगीच्या वाटेत माणसाऐवजी दुसरं काही आलं, तर हिशेब बदलतो.

हा हिशेब आधी कोणी केला, ते पाहू.

आमच्या किनाऱ्याला वीज पहिल्यांदा भेटली ती दिव्यातून नव्हे, तारेतून. बी.बी. अँड सी.आय. रेल्वे १८६४ मध्ये गुजरातेतून मुंबईपर्यंत सलग पोचली. रेल्वे म्हटली की तारयंत्र आलंच. त्या काळच्या तारयंत्राला दोन स्थानकांमध्ये एकच तार पुरे. परतीची वाट जमिनीतून. स्थानकाजवळ जमिनीत पुरलेला धातूचा पत्रा हेच दुसरं टोक. म्हणजे या पट्ट्यातलं पहिलं विजेचं काम भुईच्या भरवशावर चालायचं, आणि ते चालवणाऱ्याला आपली जमीन धड आहे की कोरडी पडली आहे याची खबर ठेवावी लागायची.

गिरण्यांना ठिणगी वेगळ्या रूपात भेटली. कावसजी दावरांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापड गिरणी काढली. मुंबई गिरण्यांना मानवली त्याच्या कारणांत समुद्राची दमट हवा हेही एक. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होऊन तुटतं, आणि यंत्रावर घासून त्याच्यात भार साठला की तंतू उभे राहतात, एकमेकांपासून फाकतात, रुळांना लपेटतात. दमट हवेत धाग्यावर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसतो आणि त्या थरावरून भार निसटून जातो. म्हणून खात्यांमध्ये पाण्याचे फवारे, वाफ सोडून हवा मुद्दाम ओली ठेवली जाई. त्या उकाड्याची किंमत कामगारांच्या अंगानं दिली. १९४८ च्या कारखाने कायद्यात कृत्रिम दमटपणावर स्वतंत्र कलम, पंधरावं, घालावं लागलं ते त्यामुळेच. पुढे नायलॉन-पॉलिस्टरचे दिवस आले. हे धागे पाणी जवळजवळ पीतच नाहीत, त्यामुळे तिथे नुसती ओली हवा पुरत नाही. धाग्याला तेलाचा हात द्यावा लागतो, यंत्रावर भार मारणाऱ्या पट्ट्या बसवाव्या लागतात. तलासरीतून रोज सिल्वासा, वापी, उंबरगावच्या कारखान्यांत जाणाऱ्यांपैकी ज्यांनी कृत्रिम धाग्याचं काम केलं आहे, त्यांना कॉम्प्युटरवाल्यापेक्षा स्टॅटिक जास्त कळतं. फक्त ते त्याला स्टॅटिक म्हणत नाहीत. हिवाळ्यात धागा अंगाला चिकटतो, एवढंच म्हणतात.

दारूगोळ्याच्या कामात चूक परवडणारी नव्हती. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. अशा कारखान्यांची शिस्त सगळ्या जगात सारखी होत गेली: अंगावर सुती कपडे, पायात भार जमिनीत जाऊ देणारे जोडे, दारात जमिनीला जोडलेली धातूची पट्टी, आत शिरण्याआधी तिला हात लावायचा. दिवाळीतल्या फटाक्याची दारू जिथे भरतात तिथेही हाच धडा लागतो. आणि तलासरीवरून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे पेट्रोलचे टँकर पाहा. पंपावर माल उतरवण्याआधी टँकरला तारेचा चिमटा लावून तो जमिनीला जोडतात. माणसाच्या अंगावरचे तीन हजार व्होल्ट जेव्हा ठिणगीवाटे सुटतात, तेव्हा सुमारे अर्धा मिलिज्यूल ऊर्जा मोकळी होते. पेट्रोलची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली असेल तर पेट घ्यायला त्याच्या निम्मीही पुरते.

या चौघांची भाषा वेगळी, पण सांगणं एकच होतं. भार साठू देऊ नका; त्याला जमिनीकडे जायला सावकाश वाट ठेवा.

कॉम्प्युटरच्या चिपला ही गरज लागली ती १९६० च्या दशकात. १९५९-६० मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये मोहम्मद अटाला आणि डाव्हॉन कांग यांनी मॉस जातीचा ट्रान्झिस्टर करून दाखवला. १९६३ मध्ये फ्रँक वॉनलास यांनी त्यातूनच कमी वीज खाणारी सीमॉस रचना मांडली. आजचे कॉम्प्युटर आणि मोबाइल याच रचनेवर चालतात. या ट्रान्झिस्टरचं दार म्हणजे सिलिकॉनच्या ऑक्साइडचा पातळ थर. जात वाळूची, काचेची. १९७० च्या सुमारास हा थर सुमारे शंभर नॅनोमीटर जाडीचा असे, माणसाच्या केसाच्या साधारण आठशेवा हिस्सा. असा थर दर नॅनोमीटरला एखादा व्होल्ट सोसतो. म्हणजे शंभरेक व्होल्टला त्याला भोक पडतं. माणसाला तीन हजारांखाली काही जाणवत नाही आणि चिप शंभराला मरते. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत सगळा घोळ आहे. मारणाऱ्याला कळत नाही की आपण मारलं.

ऑक्साइड पुढे आणखी पातळ होत गेला, आज काही नॅनोमीटरवर आला. चिप बनवणाऱ्यांनी तिच्या पायांशी रक्षक डायोड बसवले, त्यामुळे तयार चिप पूर्वीइतकी नाजूक राहिली नाही. दहा वेळा निष्काळजीपणे हाताळली तर नऊ वेळा काही होत नाही, आणि निष्काळजीपणा टिकून राहतो तो त्या नऊ वेळांच्या जोरावर.

अमेरिकी संरक्षण खात्यानं १९८० साली या विषयावर हस्तपुस्तिका काढली. तिच्यातला एक तक्ता पुढे जगभर फिरला. हवेत दमटपणा १० ते २० टक्के असताना गालिच्यावरून चालणाऱ्या माणसावर ३५,००० व्होल्ट साठू शकतात. दमटपणा ६५ ते ९० टक्के असेल तर १,५००. टेबलावरची साधी पॉलिथिनची पिशवी उचलली तर कोरड्या हवेत २०,००० आणि दमट हवेत १,२००. फोमच्या गादीच्या खुर्चीवरून उठलं तर १८,००० आणि १,५००.

आपल्याकडे दमट हवा, या समजुतीचं उत्तर या तक्त्यात आहे. दमट हवा भार कितीतरी पटींनी कमी करते, हे खरं. पण डहाणूच्या भर पावसाळ्यातल्या हवेतही कॅरीबॅग उचलताना हजार-बाराशे व्होल्ट निर्माण होऊ शकतात, आणि ते बोटाला कळणारच नाहीत. आणि वर्ष काही पावसाळ्याचंच नसतं. डिसेंबर ते मार्च या काळात ईशान्येकडून कोरडे वारे येतात. डहाणूला समुद्र सांभाळून घेतो. वीसेक किलोमीटर आत, तलासरीच्या माळावर, दुपारची हवा ओठ फोडते. त्यात एसी लावून खिडक्या बंद केलेली कॉम्प्युटरची खोली. एसी हवेतलं पाणी नळीवाटे बाहेर टाकतो, हे त्याच्या नळीखाली बादली ठेवणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

भारतात हे ज्ञान आलंच नव्हतं, असं नाही. १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ हे इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी राखीव क्षेत्र उभं राहिलं. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ पासून चिपा बनू लागल्या. अशा कामात मनगटी पट्टा, भार वाहून नेणारी चटई, जमिनीला जोडलेलं टेबल याशिवाय भागत नाही. पण ते कारखान्याच्या भिंतीआड राहिलं. डहाणू तालुक्यात तर कारखानेच मोजके. २० जून १९९१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनं तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला, उद्योगांना मर्यादा घातली, आणि १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली त्यावर देखरेखीसाठी प्राधिकरण आलं. चिकूच्या वाड्या वाचल्या, हे या भागाचं भाग्यच. त्याचा एक परिणाम असा की इलेक्ट्रॉनिक्स इथे बनवण्याच्या रूपात आलं नाही. विकत घेण्याच्या आणि दुरुस्तीच्या रूपात आलं. २००१ नंतर एमएस-सीआयटीमुळे तालुक्या-तालुक्यांत कॉम्प्युटरचे वर्ग निघाले. मशीन बहुधा असेंबल केलेलं. भाग ग्रँट रोडहून, गाडीच्या गर्दीतून. जोडणारा पोरगा दुसऱ्या पोराकडून बघून शिकलेला.

हे हात कुशल आहेत, यात शंका नाही. अंदाजानं बिघाड ओळखण्यात ते भल्याभल्यांना ऐकणार नाहीत. पण त्यांची नेहमीची पद्धत पाहा. मशीन सुरू होत नाही, बीप वाजतो. रॅम काढायची, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासायचं, फुंकर मारायची, परत बसवायची. नव्वद टक्के वेळा मशीन सुरू होतं, कारण समुद्राच्या हवेनं दातांवर चढलेला मळ निघतो. पण घासणं म्हणजे काय, ते विल्केच्या उतरंडीनं सांगितलंच आहे. प्लास्टिकचा खोडरबर, पायात रबरी चप्पल, खाली प्लास्टिकची खुर्ची, अंगात थंडीचं नायलॉनचं जाकीट, आणि हातात चिपांनी भरलेली पट्टी. भार तयार करण्याची सगळी सामग्री जमलेली आणि त्याला जाण्याची एकही वाट नाही. गंमत म्हणजे पूर्वीच्या शेणानं सारवलेल्या, किंचित ओलसर जमिनीवर अनवाणी बसलेला माणूस या बाबतीत कितीतरी सुरक्षित होता. धूळ सोडली तर ती भुई आजच्या चकचकीत टाइल्सपेक्षा या कामाला सरस.

ठिणगीनं चिप प्रत्येक वेळी जागच्या जागी मरत नाही. कधी ऑक्साइडला अर्धवट इजा होते. मशीन चालतं. चार-सहा महिन्यांनी मधूनच अडकू लागतं, आपोआप बंद पडतं आणि एक दिवस उठत नाही. तोपर्यंत खोडरबर कोणी विसरलेलं असतं. दोष लाइटवर जातो, नाहीतर चिनी मालावर, नाहीतर वापरणाऱ्या मुलांवर. इथल्या शाळांच्या खोल्यांत कापडाखाली झाकलेली मृत मशीनं मी पाहिली आहेत. पोरांनी बिघडवली, हे कारण त्यांच्या जोडीला ऐकलं आहे. एका अख्ख्या वर्गाला त्यानंतर कॉम्प्युटरला हात लावू दिला नव्हता.

ती सगळी स्टॅटिकनं मेली, असं मी म्हणणार नाही. व्होल्टेजचे चढउतार, पाली-मुंग्या, गंज, आणि २००० च्या आसपास जगभर फुगून फुटलेले निकृष्ट कपॅसिटर हे सगळे यात भागीदार आहेत. मेलेल्या चिपेवरचं भोक पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. तो तालुक्याला नाही. पण ज्या कारणाचं नावच माहीत नाही, त्याच्यावर कधी संशय जात नाही, आणि मग जो सगळ्यात दुबळा त्याच्या माथी दोष जातो.

अर्ध्या ज्ञानाचा धोका आणखी मोठा आहे. तलासरी भागातल्या एका दुकानात मी एका मुलाला मनगटाला उघडी तार गुंडाळून तिचं टोक प्लगच्या अर्थिंगच्या भोकात खुपसलेलं पाहिलं. कुठेतरी चित्र बघून त्यानं मनगटी पट्टा घरी बनवला होता. चित्रात न दिसणारी गोष्ट म्हणजे खऱ्या पट्ट्याच्या तारेत बसवलेला एक मेगओहमचा, म्हणजे दहा लाख ओहमचा रोधक. त्यातून अंगावरचा भार क्षणात निघून जातो. पण हात चुकून २३० व्होल्टला लागला, तर अंगातून एक मिलिअँपियरच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी प्रवाह जातो, जो जाणवतही नाही. उघड्या तारेत तोच प्रवाह शंभर मिलिअँपियरच्या वर जाऊ शकतो, आणि तेवढ्यात माणूस मरतो. चिप वाचवायला निघालेला मुलगा स्वतःला भुईशी घट्ट बांधून बसला होता. मी त्याला ती तार काढायला लावली आणि सावकाश वाट म्हणजे काय, ते कागदावर आकडे मांडून दाखवलं.

शिवाय त्या भोकामागे भुई होती का? आपल्याकडच्या प्लगचं तिसरं, मोठं भोक अनेक घरांत, दुकानांत आतून रिकामं असतं. कुठे वायरमननं ते न्यूट्रललाच जोडून टाकलेलं असतं, ते तर रिकाम्याहून वाईट. नीट अर्थिंग म्हणजे जमिनीत खोल पुरलेला तांब्याचा किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा पत्रा, त्याभोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नळी. उन्हाळ्यात त्या नळीत पाणी ओतायचं, हे जुने वायरमन आवर्जून सांगत. तारयंत्राच्या काळची ती जमिनीची खबर ठेवणं, ते हेच.

मग पट्टा, चटई, काही नसलेल्यानं करायचं काय? तत्त्व सोपं आहे: माणूस, मशीन आणि हातातला भाग यांची पातळी सारखी असली की ठिणगी पडत नाही. मशीनची पिन काढून ठेवावी. एक हात कॅबिनेटच्या उघड्या, रंग नसलेल्या पत्र्याला लावावा आणि कामात दर थोड्या वेळानं तो परत लावावा. नवा भाग पिशवीतून काढण्याआधी पिशवीच त्या पत्र्याला टेकवावी. पट्टी कडेला धरावी, दातांना बोट लावू नये. खोडरबराऐवजी धागे न सुटणाऱ्या सुती कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावं. जाकीट काढून ठेवावं. पिशव्यांचा फरकही ओळखावा: गुलाबी पिशवी स्वतः भार तयार करत नाही, पण बाहेरचा थोपवत नाही, चंदेरीच्या आत धातूचा थर असतो, ती दोन्ही करते. ती फेकू नये, पुढच्या भागाला लागते. रोधक बसवलेला तयार पट्टा मिळतो, आणि एका रॅमच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही. घरी बनवू मात्र नये.

आणि शाळेत, वर्गात, दुकानात नवं मशीन बसवण्याआधी चांगल्या वायरमनला बोलावून तिसऱ्या भोकामागे खरंच भुई आहे का, ते तपासून घ्यावं. आहे म्हणाला, तर अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते विचारावं. तो दाखवता आला पाहिजे. मार्च लागला की कोणीतरी त्यात दोन बादल्या पाणी ओतायचं, आणि कोणी, ते वर्गातल्या मुलांना ठरवू द्यायचं.